नकाशात रस्ता आहे, पण खडी कसली आहे?

या महिन्यात सायकलवाल्यांची पत्रं एवढी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ग्रॅव्हल रायडिंगची, म्हणजे डांबर सोडून जंगलातून, नदीकाठानं, कालव्याच्या कडेनं सायकल हाणायची. सगळी छापणं शक्य नाही, सारखी सारखी पत्रं एकत्र केलीत, नावं काढून टाकलीत. एक आधीच सांगते, बहुतेकांनी "किती किलोमीटर" हे विचारलंय आणि "कसल्या रस्त्यावरून" हे अगदी थोड्यांनी, त्यामुळे माझी उत्तरं त्याच एका गोष्टीवर अडून बसलेली वाटतील. वाटू देत.

ताई, आम्ही चार मित्र, सगळे पन्नाशीच्या आसपास. रोज तीस-चाळीस किलोमीटर डांबरावर चालवतो. आता एकदा आठ-दहा दिवसांची कच्च्या रस्त्याची मोठी ट्रिप करायचीय. जंगल पाहिजे, पाणी पाहिजे, चढ नकोत. जगात कुठंही चालेल, फक्त नाव सांगा.

चढ नकोत म्हणालात तिथंच अर्धं उत्तर झालं. जुनी रेल्वेलाइन शोधायची, नाहीतर जुना कालवा. आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी डोंगर फोडले, भराव घातले, बोगदे काढले आणि चढ साधारण दोन टक्क्यांच्या आत ठेवला, आता रूळ गेले पण ती मेहनत तुमच्या गुडघ्यांच्या कामाला येते. आणि कालव्यात तर पाणी सपाटच राहणार, जिथं उंची बदलते तिथं लॉक असतं, म्हणजे दोन दरवाज्यांच्या मधली पाण्याची पायरी, सायकलला तिथं एक छोटासा उंचवटा लागतो, बस्स. कडेची वाट खेचरांसाठी नाहीतर घोड्यांसाठी बांधलेली असते, ते काठावरून चालायचे आणि दोरानं बोट ओढायचे.

या दोन्ही गोष्टी एकाच प्रवासात हव्या असतील तर अमेरिकेतली ग्रेट ॲलेघेनी पॅसेज आणि तिला जोडून सी अँड ओ कालव्याची वाट. पहिली पिट्सबर्गपासून कंबरलँडपर्यंत, सुमारे २४० किलोमीटर, जुनी रेल्वेलाइन, बारीक चुनखडी दाबून बसवलेली. दुसरी कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत, २९७ किलोमीटर, सबंध पोटोमॅक नदीच्या काठानं. दोन्ही मिळून साडेपाचशेला थोडी कमी, म्हणजे नऊ दिवसांत रोजचे साठ, तुम्हाला सहज जमेल. पिट्सबर्गकडून निघालात तर पहिले दोनशे किलोमीटर चढ आहे हे कळतसुद्धा नाही इतका हळू चढ, ७२९ मीटरवर खंडाचा पाणलोट (जिथून पाणी दोन वेगळ्या बाजूंना वाहून जातं) ओलांडायचा आणि मग कंबरलँडपर्यंत जवळजवळ ३८ किलोमीटर नुसता उतार. उलट दिशेनं येणारे तो उतार चढत असतात, त्यांचे चेहरे बघून घ्या. तेवढ्यातच बिग सॅव्हेज नावाचा एक किलोमीटरचा बोगदा लागतो, तो हिवाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा तारखा बघून ठरवा.

आता माझा मुद्दा. या दोन वाटा नकाशावर एकच रेघ दिसतात पण चाकाखाली दोन वेगळ्या दुनिया आहेत. पहिली वाट पाऊस पडून गेला तरी चालते, पाणी झिरपून जातं. दुसरीवर बऱ्याच ठिकाणी मातीच आहे, १९२४ मध्ये बोटी थांबल्या त्या काळातली म्हणा ना, पाऊस झाला की डबक्यांची माळ लागते, आणि काल ज्या चाळीस किलोमीटरला तीन तास लागले त्याच चाळीसला आज साडेचार लागतात. म्हणून दुसऱ्या अर्ध्यात रोजचं अंतर कमी ठेवा. तिथं पॉ पॉ नावाचा बोगदाही आहे, साधारण ९५० मीटरचा, आत मिट्ट काळोख, एका बाजूला कठडा आणि पलीकडे कालव्याचं पाणी, सायकल हातात धरून चालायचं, आणि टॉर्च बॅगेच्या तळाशी नको, वरच ठेवा.

फक्त नदी हवी असेल तर मिझुरी राज्यातली केटी ट्रेल, तीही जुनी रेल्वेलाइन, ३८५ किलोमीटरच्या आसपास, बराच वेळ एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला चुनखडीचे कडे. फ्रान्समधला कॅनाल दु मिदी फोटोत सगळ्यात देखणा, १६६६ ते १६८१ मध्ये खणलेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तळ्यापर्यंत २४० किलोमीटर. तुलूझच्या बाजूला गुळगुळीत डांबर, मग पुढं कच्ची वाट सुरू होते आणि काठावरच्या प्लेन नावाच्या झाडांची मुळं वाटेवर आडवी उठलेली, दर दहा-वीस मीटरला एक दणका, तासाभरात मनगटं बोलायला लागतात. त्यातली हजारो झाडं एका बुरशीच्या रोगानं तोडावी लागलीत, म्हणजे जुन्या फोटोतली सावली सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका.

आणि सपाट म्हणजे सोपं असंही नाही हो. चढ-उताराच्या रस्त्यावर उतारावर पाय थांबतात, बूड सीटवरून उचललं जातं, हात मोकळे होतात. कालव्याकाठी सहा तास पेडल थांबतच नाही आणि बसायची पद्धतही बदलत नाही, त्यात उघड्या काठावर समोरून वारा लागला तर तोच तुमचा घाट. दर अर्ध्या तासानं मुद्दाम उभं राहून चालवा, गरज वाटो न वाटो.

माझ्याकडे जुनी माउंटन बाईक आहे. ग्रॅव्हल बाईक घ्यायलाच हवी का? ग्रुपमधले सगळे हसतात.

नको घेऊस. हसू देत. पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर लॉक कर, जाड गोट्यांचे टायर काढून जरा गुळगुळीत टायर टाक आणि जा. ग्रॅव्हल बाईकचा खरा फायदा लांब पल्ल्यात कळतो, ड्रॉप हँडलला, म्हणजे खाली वळलेल्या हँडलला, हात धरायच्या तीन-चार जागा मिळतात आणि वाऱ्यात वाकता येतं. खडबडीत जंगलात मात्र तूच त्या हसणाऱ्यांच्या पुढं असशील.

मी फोनवर रूट आखते, ॲप सांगतं ६५ किलोमीटर, पाच तास. प्रत्यक्षात गेलं की अर्ध्यात रस्ताच संपतो, नाहीतर गेट, नाहीतर इतकी मोठी खडी की ढकलत न्यावी लागते. नकाशावरून आधी कळतं का?

बरंचसं कळतं. कोमूट, राइड विथ जीपीएस वगैरे ॲप्सच्या पोटात बहुतेक करून ओपनस्ट्रीटमॅपचाच, म्हणजे लोकांनीच भरलेल्या नकाशाचा, डेटा असतो आणि त्यात कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रतवारी दिलेली असते. १ म्हणजे पक्का किंवा चांगला दाबलेला, ५ म्हणजे नुसती माती आणि गवत, चाकांच्या खुणा असल्या तर असल्या. २ आणि ३ म्हणजे आपलं सुख. ४ ला कोरड्या दिवसांत हो, पावसानंतर विचार करून. ५ दिसला की मी तिथं ताशी सहा-सात किलोमीटर धरते, म्हणजे चालण्याचाच वेग. रूटवर टिचकी मारली की काही ॲप्समध्ये ही प्रत किंवा रस्ता कसला आहे ते दिसतं, आणि काहीच दिसत नसेल तर ते कुणी नोंदवलेलं नसेल असं समजायचं. दुसरं, सॅटेलाइट फोटो मोठा करून बघ. दोन फिकट रेघा आणि मधे हिरवी पट्टी म्हणजे गाड्या जातात, चाकोरी आहे, सायकल जाईल. एकच बारीक रेघ म्हणजे पायवाट. झाडांनी झाकलेलं असेल तर आत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागा बघ, दोन्ही टोकांना रुंदी सारखी असेल तर मधेही बहुतेक तशीच असते. तिसरं म्हणजे स्ट्राव्हाचा, म्हणजे लोकांच्या राइड नोंदवणाऱ्या ॲपचा, हीटमॅप, लोक खरंच जातात का ते कळतं, पण तिथं चमकणारी रेघ धावणाऱ्यांचीही असू शकते, फक्त सायकलचा थर लावून बघ.

जंगलातल्या रस्त्यांचं एक वेगळंच असतं, ते आपल्यासाठी नसतातच, लाकूड नेणाऱ्या ट्रकांसाठी असतात. गेल्या वर्षी मखमलीसारखा असलेला रस्ता यंदा दुरुस्तीला काढला की त्यावर मुठीएवढी ताजी खडी पडते, अजून कुणी दाबलेली नाही, आणि ती बसायला काही महिने जातात. हे कुठल्याच ॲपला कळत नाही. वनखात्याच्या साइटवर तोड कुठं चालू आहे ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं, निघायच्या आदल्या दिवशी बघायचं. तोड चालू असल्याची पाटी दिसली तर पाटीच्या आत जायचं नाही, "रविवार आहे, कोण असणार" असं म्हणत तर नाहीच नाही, आणि कडेला रचून ठेवलेल्या ओंडक्यांवर बसून डबा खायचा नाही, ते सरकतात.

गेटचं म्हणशील तर तो रस्त्यापेक्षा कायद्याचा प्रश्न आहे आणि प्रत्येक देशात वेगळा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं जबाबदारीनं वागणाऱ्याला जवळजवळ सगळीकडे सायकल नेता येते. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र ब्रिडलवे (घोड्यांची वाट) चालतो, फुटपाथ (फक्त पायी चालायची वाट) चालत नाही, आणि नकाशावर दोन्ही हिरव्या तुटक रेघाच दिसतात, ब्रिडलवेवर १९६८ पासून सायकलला परवानगी आहे पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जंगलातली वाट दोन मीटरपेक्षा अरुंद असेल तर सायकलला बंदी. ऑस्ट्रियात तर गंमतच, छान रुंद जंगलरस्ता समोर दिसतो पण मालकानं सायकलसाठी खुला केल्याची पाटी नसेल तर जायचं नाही. ॲप या सगळ्यांवरून रूट काढून देतं, मजेत.

आणि ते पाच तास वगैरे सोडून दे. माझा हिशेब असा: दाबलेली बारीक खडी आणि सपाट असेल तर ताशी १७-१८, सुट्टी खडी आणि चढ-उतार असेल तर १२-१३, बाकी सगळं ८, ग्रेड ५ असेल तर तेच सहा-सात. रूटचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला आपापला वेग लावायचा, बेरीज करायची, वर एक तास थांबण्याचा. तुझा वेग वेगळा असेल, तीन-चार राइडनंतर कळेलच.

टायर किती रुंद आणि हवा किती? दुकानदार म्हणाला ८० पीएसआय भरा, मित्र म्हणतो ३०. कोण बरोबर?

मित्र. म्हणजे तुमचं वजन ७०च्या आसपास असेल आणि टायर ४० मिलिमीटरचा ट्यूबलेस असेल तर ३० ते ३५ पासून सुरुवात करा, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. ट्यूब असेल तर पाचेक जास्त. वजन जास्त, सामान जास्त, तर त्या मानानं वाढवा.

८० चं डोकं डांबरावरचं आहे. गुळगुळीत रस्त्यावर घट्ट टायर पळतो हे बऱ्यापैकी खरं, पण खडीवर घट्ट टायर प्रत्येक खड्यावर चढतो आणि उतरतो, म्हणजे तुमची ताकद पुढं जाण्याऐवजी तुम्हालाच वर-खाली उचलण्यात जाते. मऊ टायर खडा आपल्या पोटात घेतो आणि सायकल सरळ जात राहते. घरी बघायचं असेल तर टायरवर खडा ठेवून अंगठ्यानं दाबा, ८० ला खडा निसटून पडतो, ३० ला रबरात रुततो. रस्त्यावर तुमच्या वजनाखाली हेच होतं.

पण फार कमीही नको. एखाद्या मोठ्या दगडावर टायर पूर्ण चेपून रिमला "टण्ण" असा आवाज आला की समजायचं हवा कमी आहे. ट्यूब असेल तर त्या दणक्यात दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यात चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. एकच भोक असेल तर काटा, दोन असतील तर हवा. पंक्चर काढताना हे बघत जा, पुढचं पंक्चर वाचतं.

रुंदी रस्त्यावर ठरते. कालव्याच्या दाबलेल्या वाटेला ३८ पण पुरतो, जंगलाच्या सुट्ट्या खडीला ४५ आणि वर, फ्रेम घेत असेल तर ५० टाका, जड वाटेल ही भीती पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जाते. टायर आणि फ्रेमच्या मधे मात्र दोन्ही बाजूंना बोटाचं पेर जाईल एवढी फट ठेवा, का ते खाली चिखलाच्या पत्रात येईलच. आणि ट्यूबलेसमधलं ते भोकं बुजवणारं दुधासारखं सीलंट काही महिन्यांत सुकतं, टाकून विसरायचं नसतं. पाण्याकाठच्या कोरड्या, उघड्या वाटांवर सराटे पसरलेले असतात, अमेरिकेच्या पश्चिम भागातले सायकलवाले तर त्यांच्या नावानं बोटं मोडतात, एका चाकात वीस-वीस काटे निघतात. सीलंट ओलं असेल तर काटा उपटा, चाक फिरवा, चला. सुकलेलं असेल तर बसा ठिगळं लावत. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये, जिथं अनबाउंड ही ३२० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत होते, तिथं काटा नाही, गारगोटीची धार टायर कापते, मोठ्या चिरेला सीलंट पुरत नाही म्हणून लोक रबराचे प्लग हँडलजवळच ठेवतात.

उतारावर सुट्ट्या खडीत मला जाम भीती वाटते. ब्रेक दाबला की मागचं चाक घसरतं, नाही दाबला तर वेग वाढतो.

मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा काही होत नाही गं, शेपटी हलते आणि परत रेषेत येते. पुढचं घसरलं तर पडतो. म्हणून सगळं लक्ष पुढच्या चाकावर. वेग वळणाच्या आधी, सरळ असतानाच कमी करायचा, दोन्ही ब्रेक एकेका बोटानं, हळू हळू दाबत. वळणात शिरलीस की पुढचा ब्रेक सोडून द्यायचा. हात ड्रॉपमध्ये खाली, कोपरं वाकलेली, बूड सीटवरून जरा उचललेलं, पेडल सपाट, आणि हँडल असं धरायचं की समजा हातात पाखरू आहे, उडू नये पण मरूही नये. सगळे चुकतात ते इथं, घाबरून मुठी आवळतात, मग प्रत्येक खडा थेट खांद्यात लागतो आणि सायकलला स्वतःची वाट काढता येत नाही.

नजर चाकापुढं नको, पंधरा-वीस मीटर पुढं. जंगलातल्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी दोन घट्ट पट्टे केलेले असतात आणि सुटी खडी मधे आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते. पट्ट्यात राहायचं. पट्टा बदलायचाच असेल तर उतारावर नको, सपाटीवर बदल. खडी कानानंही कळते, दाबलेल्यावर एकसारखी सरसर येते, सुट्टीत शिरलं की करकर वाढते आणि खडे डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या नळीवर, टणटण आपटायला लागतात, तो आवाज आला की डोळ्यांच्या आधी हात सैल सोडायचे.

कधी कधी रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, आडव्या लाटा लाटा, दात वाजतात. गाड्यांचा वेग एका मर्यादेपुढं गेला की चाकं जमिनीवर आपटत जातात आणि तिथंच तिथंच माती ढकलतात, त्यातून त्या लाटा बनतात. त्या मधे सगळ्यात खोल असतात, अगदी कडेला गवताला लागून एक हातभर गुळगुळीत पट्टी मिळते बघ.

पावसानंतर नदीकाठच्या मातीच्या रस्त्यावर गेलो, दोनशे मीटरमध्ये दोन्ही चाकं जाम. असं झालं तर काय करायचं?

पेडल मारायचं थांबायचं. ताबडतोब. हे मी अक्कलखाती पैसे भरून शिकलेय. एकदा अशाच नदीकाठच्या वाटेवर चिकणमाती लागली, पुढं डांबर दिसत होतं, फार तर चारशे मीटर, म्हटलं रेटू. आधी टायर दुप्पट जाड झाला, मग फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, मधे माती आणि वाळकं गवत यांचा असा लगदा बसला की चाक फिरण्याऐवजी घसरायला लागलं, मी आणखी जोर लावला आणि मागून "कट" असा आवाज. डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर मोडला होता आणि डिरेलर आरांमध्ये जाऊन गुंडाळला होता. तो तुकडा मोडण्यासाठीच असतो, फ्रेम वाचावी म्हणून, आणि प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, माझ्याकडे जादा नव्हता. चेन तोडून छोटी केली, एका गिअरवर बसवली, ती दर पाच मिनिटांनी उतरत होती, शेवटी अकरा किलोमीटर चालले. आता सीटच्या पिशवीत जादा हँगर कायम असतो, वीस-पंचवीस ग्रॅमची वस्तू.

चिकणमातीची गंमत अशी की पूर्ण ओली असताना ती त्यामानानं बरी, वाहून जाते. पाऊस थांबून दोन-चार तास झाले, वरून सुकायला लागली, की खरी चिकटते. म्हणजे "थांबू या, जरा सुकू दे" हे अर्धा दिवस थांबणार असाल तरच. वाळूमिश्रित माती चिकटत नाही, फक्त चेन आणि ब्रेक पॅड खाते. म्हणून रस्त्यावर शिरायच्या आधी चिमूटभर माती बोटांत चोळून बघा, खरखर लागली तर चला, साबणासारखी पसरली आणि बोटं एकमेकांना चिकटली तर दुसरा रस्ता शोधा. मधेच अडकलात तर सायकल खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालायचं, ढकलायची नाही, ढकलूनही माती गोळा होतेच. अनबाउंडमध्ये २०२३ ला सुरुवातीलाच असा पट्टा लागला, जगातले नावाजलेले रायडर सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. तिथले अनुभवी लोक रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात ठेवतात, फोर्कमधली माती खरवडायला. तिच्यासारखं हत्यार नाही, बोटांनी ती माती निघत नाही.

आणि ओढा आडवा आला तर मधलं पाणी चाकाच्या आसाच्या खालीच आहे का ते चालत जाऊन बघा. आसाच्या वर पाणी म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी. वाहतं पाणी गुडघ्याला लागत असेल तर सायकलसकट माणूस आडवा होतो, परत फिरा.

कालव्याचं किंवा जंगलातल्या झऱ्याचं पाणी गाळून प्यायलं तर चालेल का? दोन बाटल्या पुरत नाहीत.

कालव्याचं नाहीच. त्यात बोटींचं इंधन, शेतातली खतं-औषधं उतरलेली असतात, ती फिल्टरनं जात नाहीत. निळी-हिरवी शेवाळी पाण्यावर रंगासारखी पसरलेली दिसली तर ते पाणी उकळूनसुद्धा प्यायचं नाही, तिचं विष उकळून मरत नाही. अशा पाण्यात हात-तोंडही धुऊ नका. साठलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते खरचटलेल्या जखमेतून आत जातात, तेव्हा गुडघा फुटला असेल तर आधी बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं धुवा आणि झाका.

जंगलात, वरच्या अंगाला वस्ती किंवा गुरं नाहीत अशा वाहत्या झऱ्याचं पाणी फिल्टर करून चालतं. ते पोकळ तंतूंचे छोटे फिल्टर येतात ना, ते बॅक्टेरिया आणि जिआर्डियासारखे जीव अडवतात, विषाणू अडवत नाहीत. आणि एकदा ओला फिल्टर गोठला तर आतले तंतू फुटतात, बाहेरून काही कळत नाही, म्हणून थंडीत तो रात्री झोपताना अंथरुणात घ्यायचा. उकळायची सोय असेल तर एक मिनिट खळखळून, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन.

याहून जास्त लोक आजारी पडतात ते बाटलीच्या तोंडावर उडालेल्या चिखलानं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. गुरं-मेंढ्या फिरतात त्या वाटेवरचा चिखल म्हणजे निम्मं शेणच, पुढचं चाक तो बरोबर बाटलीवर मारतं आणि आपण तोंड लावून पितो. चिखलातल्या माउंटन बाईक शर्यतींनंतर कॅम्पिलोबॅक्टरची लागण पसरल्याचं नोंदलेलं आहे. झाकणवाली बाटली घ्या, पहिला फवारा जमिनीवर सोडा, मग प्या.

मी सायकल चालवत नाही. कालव्याकाठी रोज सकाळी चालायला जातो, वय ७१, उजव्या कानानं कमी ऐकू येतं. तुमचे हे ग्रॅव्हलवाले मागून सुसाट येतात, एकदा तर मी पाण्यातच गेलो असतो. तुम्ही फक्त त्यांचंच कौतुक छापणार का?

नाही काका, तुमचं पत्र मुद्दाम घेतलं, आणि सायकलवाल्यांनी हे आधी वाचावं. ती वाट चालणाऱ्यांचीच आहे. जिथं सायकलला परवानगी आहे तिथंही बहुतेक ठिकाणी पहिला हक्क पायी माणसाचा, आणि नियम नसता तरी एका बाजूला पाणी असलेल्या दीड मीटरच्या वाटेवर दुसरं काय शोभतं. घंटी लांबूनच वाजवायची, पाठीशी येऊन नाही, माणूस दचकला की कुठल्या बाजूला उडी मारेल सांगता येत नाही. वळून बघितलं नाही तर ऐकू आलेलं नाही असंच धरायचं, वेग चालण्याइतका करायचा, "काका, डावीकडून येतोय" म्हणायचं, तरी नाही कळलं तर उतरायचं. पुलाखाली, जिथं वाट अरुंद होते आणि पलीकडचं दिसत नाही, तिथं तर उतरायचंच. कुत्रा असेल तर त्याची दोरी बघा, वाटेवर आडवी असते आणि पहाटे दिसत नाही. वेग काढायची हौस असेल त्यांनी जंगलातल्या रुंद रस्त्यावर जावं, कालवा त्यासाठी नाही.

तुम्हाला एक विनंती, पटली तर बघा: पाण्याच्या बाजूनं न चालता आतल्या बाजूनं चाला. चूक त्यांची असली तरी पडणार तुम्ही.

जंगल आणि पाणी दोन्ही एकाच दिवसात, चाळीस-पन्नास किलोमीटर, मी एकटीच जाणार आहे. असा एखादा रूट आणि काय काळजी घेऊ?

तलावाला वेढा घालणारी वाट शोध, हे माझं आवडतं उत्तर. इंग्लंडच्या उत्तरेला किल्डर वॉटर आहे, भोवती माणसांनी लावलेलं प्रचंड जंगल आणि तलावाच्या कडेकडेनं लेकसाइड वे, २६ मैल म्हणजे ४२ किलोमीटर, डर्टी रीव्हर ही २०० किलोमीटरची राइड त्याच जंगलातल्या रस्त्यांवर होते. तलावाभोवतीच्या वाटेचं सुख म्हणजे पाणी कायम एकाच हाताला राहतं, फोन बंद पडला तरी हरवत नाहीस. पण काठ सगळा आत-बाहेर असतो, समोर दोनशे मीटरवर दिसणारी जागा कडेनं जायला पाच किलोमीटर निघते, आणि प्रत्येक ओढ्याशी उतार आणि परत चढ, ४२ चे ४२ वाटत नाहीत. शिवाय अर्ध्यावर पोचलीस की परत फिरणं आणि पुढं जाणं सारखंच, म्हणून ठरवायचं ते पहिल्या तेरा-चौदा किलोमीटरला, तोवर वेळ किती गेला ते बघून.

नकाशा ऑफलाइन उतरवून घे, दाट झाडीत जीपीएसची रेघ रस्ता सोडून वीस-तीस मीटर भटकते, दोन वाटा जवळजवळ असतील तर फाट्यावर थांबून खात्री कर. घरी कुणालातरी रूटची जीपीएक्स फाइल पाठव आणि "इतक्या वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर, त्यानंतर तासाभरानं मदतीला कळव" असं वेळेसकट सांग, नुसतं "संध्याकाळी येते" नको. घरी आल्यावर गुडघ्यामागं, कंबरेच्या पट्ट्याखाली, काखेत गोचीड बघ. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची, तेल नाही, काडी नाही, पिरगाळणं नाही. पहिल्या दिवसातच निघाली तर लाइम आजाराचा धोका बराच कमी होतो. आणि अंघोळीच्या आधी चेन पूस, नंतर कंटाळा येतो.